सकाळी थरथरते आणि कूलंट कुठे जातं ते कळत नाही: 1998 ची एस्टीम, सोलापूर

जुळे_सोलापूरकर | 4 मे, रात्री 9.50

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी 1998 ची एस्टीम आहे. पेट्रोल, कार्ब्युरेटरवाली, चार सिलिंडर, 1298 सीसी. अप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते, तेव्हा घेतलेली. माझं शाळेत जाणं, बहिणीची पाठवणी, सगळं याच गाडीतून झालं. 1 लाख 64 हजार किमी झालेत. अप्पा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि महिन्यातून एकदा तुळजापूरला स्वतः चालवत जातात. ते त्यांना बंद करायला सांगायची माझी इच्छा नाही, म्हणून हा धागा.

दीड महिन्यापासून दोन गोष्टी होतायत.

एक, सकाळी पहिल्यांदा सुरू केली की दोन-तीन मिनिटं मिसिंग मारते, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. अख्खी बॉडी थरथरते, आरसा हलतो, सायलेन्सरमधून पांढरट वाफ येते. नंतर बरीचशी गुळगुळीत होते, पण सिग्नलला उभी असताना अधूनमधून एक ठेच लागल्यासारखी चुकते.

दोन, कूलंट (रेडिएटरमधलं, इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होतंय. आठवड्याला साधारण अर्धा लिटर. गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, चार दिवस कोरडा. सात रस्त्याला दुपारी गर्दीत अडकलं की काटा अर्ध्याच्या वर सरकतो.

एका गॅरेजवाल्यांनी झाकण उघडून बघितलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, "हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवायला लागतंय, बावीस हजार." (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्याखालची सांधा बंद करणारी पट्टी.) कुठलंच मोजमाप केलं नाही. खर्च करायला माझी ना नाही, पण दुखणं हेच आहे का ते आधी कळू दे. काय काय तपासू?

---

बाळे_नाका | 4 मे, रात्री 10.15

पांढरा धूर, कूलंट कमी, मिसिंग. तिन्ही एकत्र म्हणजे हेड गॅस्केटच. माझ्या जुन्या गाडीला हेच झालं होतं. उशीर करू नका, हेड वाकलं की खर्च दुप्पट.

---

घाटवाट | 4 मे, रात्री 10.40

तोपर्यंत रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाकून बघा. आमचे वडील ट्रकवर होते, हळदीवर पंढरपूर ते हैदराबाद गाडी नेलेली आहे.

---

अशोकचौक_फिटर | 5 मे, सकाळी 6.30

भाऊ, हळद टाकू नका. घाटवाट दादा, तुमच्या वडिलांनी ती जंगलात अडकल्यावर टाकली असणार. तिथं ती बरोबर आहे, गाडी गावापर्यंत येते. पण घरासमोर उभ्या गाडीत टाकली की तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरच्या कोरमध्ये जाऊन बसते. मग गळती थांबली का रेडिएटर चोक झाला हेच कळत नाही. गळती बंद करणाऱ्या डबीतल्या पावडरीचंही तसंच. आपल्याला गळती लपवायची नाही, सापडवायची आहे.

मी पस्तीस वर्षं हेच काम केलं, आता पोरगं करतंय. हेड उघडायच्या आधी एवढं बघा:

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना ऑइलची दांडी काढा, ऑइल भरायचं झाकण उलटं करून बघा. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर पाणी ऑइलमध्ये जातंय. पण नुसत्या झाकणाला थोडा पिवळसर लोण्यासारखा थर असला तर घाबरू नका, गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच चालत असली की वाफेनं तेवढं होतं. दांडीवरचं ऑइल काय सांगतं ते महत्त्वाचं.

मग चारही प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी देणारे) काढा आणि कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ओळीनं मांडा. फोटो टाका. प्लग खोटं बोलत नाही.

आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. आमच्याकडे एका पोराचा हात आणि गळा भाजला होता, तो आवाज मी अजून विसरलो नाही.

---

मोटारताई | 5 मे, सकाळी 8.05

फिटरकाकांना दुजोरा. माझ्या गाडीचं खरंच हेड गॅस्केट गेलं होतं, म्हणून फरक सांगते. माझ्याकडे रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच दगडासारखा कडकपणा यायचा, पाणी तापायच्याही आधी. कारण सिलिंडरमधला जळका वायू थेट पाण्यात घुसत होता. ओव्हरफ्लोच्या बाटलीत बुडबुडे थांबायचे नाहीत. आणि घाट चढताना काटा झपकन लाल रेषेला जायचा.

दादा, तुमच्याकडे यातलं काही आहे का? कारण तुम्ही लिहिलंय की त्रास मुख्यतः सकाळी आहे, आणि नंतर गाडी सुधारते.

---

जुळे_सोलापूरकर | 5 मे, रात्री 9.20

ताई, होज दाबून बघितला. सुरुवातीला मऊ, तापल्यावर हळूहळू कडक. बाटलीत सुरुवातीला दोन-चार बुडबुडे, मग शांत. दांडीवरचं ऑइल काळपट पण स्वच्छ.

प्लगचा फोटो जोडलाय. एक, दोन आणि तीन नंबर खारीच्या बिस्किटाच्या रंगाचे, जरा काळसर कडांचे. चार नंबरचा मात्र पांढरा पडलाय, चिनीमाती धुऊन पुसून ठेवावी तशी. प्लगच्या आट्यांच्या खोबणीत एक हिरवट सुकलेला डाग आहे. नखानं खरवडला तर पूड निघाली.

---

अशोकचौक_फिटर | 5 मे, रात्री 9.45

मग चार नंबरमध्ये पाणी जातंय, यात वाद नाही. वाफेनं प्लग धुऊन निघतो. आता प्रश्न एवढाच, पाणी कुठल्या दारातून जातंय.

उद्या कॉम्प्रेशन बघा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते. चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी चार्ज असताना. या इंजिनाला 14 च्या आसपास किलो यायला पाहिजे, 12 च्या खाली गेलं तर दुखणं आहे, आणि सिलिंडर-सिलिंडरमध्ये एक किलोपेक्षा जास्त फरक नको. दोन शेजारचे सिलिंडर एकदम पडले असले तर मधलं गॅस्केट फुटलंय असं समजायचं.

सेल्फ मारताना प्लगच्या भोकांसमोर तोंड नेऊ नका. आत पाणी साठलं असेल तर पिचकारी येते. आणि एक सवय लावून घ्या, रात्रभर उभी राहिलेली गाडी पहिल्या सेल्फला अडकल्यासारखी वाटली तर दुसरा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

---

उजनी_काठ | 6 मे, दुपारी 1.10

जरा वेगळा प्रश्न. कूलंट कमी झालं की तुम्ही भरता काय? सोलापुरात पाणी काही दिवसांआड येत आलंय, त्यामुळे बहुतेकांकडे बोअर असतं आणि रेडिएटरमध्ये तेच ओतलं जातं. आमच्या बोअरच्या पाण्यानं गिझरची कॉइल वर्षात पांढऱ्या दगडासारखी होते. इंजिनात दुसरं काय होणार? ॲल्युमिनियमच्या हेडला आणि मॅनिफोल्डला (सिलिंडरांत हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांच्या भागाला) तर हे पाणी खातच जातं. कूलंटचं काम नुसतं थंड करणं नाही, त्यातली गंज रोखणारी द्रव्यं धातूला जपतात. साध्या पाण्यानं ती पातळ होत होत संपतात.

---

जुळे_सोलापूरकर | 6 मे, रात्री 8.40

अप्पांना विचारलं. दहा-बारा वर्षं बोअरचंच पाणी, वर कधीतरी थोडं हिरवं कूलंट. ते मनाला फार लावून घेतायत. मी म्हटलं, तेव्हा सगळं गावच तसं करत होतं.

कॉम्प्रेशन: एक नंबर 13.2, दोन 13, तीन 13.1, चार 12.8. एका ओळखीच्या फिटरकडून गेज आणलं, दोनदा मोजलं.

---

बाळे_नाका | 6 मे, रात्री 9.00

हे तर चांगलं आहे. मग हेड गॅस्केट नाही, माझं म्हणणं मागे घेतो.

---

मोटारताई | 6 मे, रात्री 9.30

बाळे दादा, इतक्या लवकर मागे घेऊ नका. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून हेड गॅस्केट सुटलं असं होत नाही. सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये केसाएवढी फट असली तर सेल्फवर गेज ती पकडत नाही, दाब खरा चढतो तो इंजिन जोरात चालताना. माझं कॉम्प्रेशनही बरं आलं होतं.

निळ्या द्रवाची चाचणी करा. काचेची नळी रेडिएटरच्या तोंडावर बसवतात, आत निळं रसायन असतं, इंजिन चालवून वरची हवा त्यातून ओढतात. जळका वायू येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. आधी रेडिएटरची पातळी दोन-तीन इंच खाली घ्या, नाहीतर कूलंटच नळीत ओढलं जातं आणि रसायन वाया जातं. दहा मिनिटं द्या, गाडी पूर्ण तापू द्या, मध्ये रेस करा.

---

पार्क_चौक | 7 मे, सकाळी 7.15

प्लगच्या वायरींकडे पण बघा. रात्री दिवे बंद करून इंजिन सुरू ठेवायचं आणि फुलझाडांना पाणी मारायच्या फवाऱ्यानं वायरींवर अगदी बारीक तुषार सोडायचे. वायर फुटलेली असेल तर अंधारात निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. आमच्या गाडीची अर्धी मिसिंग तिथेच सापडली होती. डिस्ट्रिब्युटरवर (वायरींना ठिणगी वाटून देणाऱ्या डबीवर) मात्र पाणी मारू नका.

---

जुळे_सोलापूरकर | 8 मे, रात्री 10.30

तीन गोष्टी केल्या.

निळा द्रव: पंधरा मिनिटं चालवली, तीन वेळा रेस केली. निळा तो निळाच.

अंधारातला फवारा: चार नंबरच्या वायरीच्या बुटापाशी एक बारीक ठिणगी दिसली. वायरींचा नवा सेट आणि रोटर टाकला. सिग्नलला जी ठेच लागायची ती गेली! पण सकाळची थरथर आणि पांढरी वाफ तशीच.

दाबाची चाचणी: रेडिएटरवर हातपंप लावून 0.9 किलोपर्यंत दाब भरला, झाकणावर लिहिलाय तेवढाच. वीस मिनिटांत काटा 0.6 वर. बाहेर कुठेही थेंब नाही. मग चारही प्लग काढून सेल्फ मारला, आणि चार नंबरमधून बारीक धुकं उडालं. हात लावला तर चिकट, गोडसर वास.

आता मात्र मी गोंधळलोय. पाणी चार नंबरमध्ये जातंय, पण जळका वायू पाण्यात येत नाहीये?

---

अशोकचौक_फिटर | 9 मे, सकाळी 6.10

रात्रीच वाचलं, पण डोकं शांत असताना लिहावं म्हणून थांबलो. भाऊ, तुम्ही गोंधळलात तिथंच उत्तर आहे.

हेड गॅस्केट फुटलं तर वाट दोन्ही बाजूंनी उघडी असते. इंजिन चालताना सिलिंडरमधला दाब पाण्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून वायू पाण्यात घुसतो आणि निळं पिवळं होतं. तुमच्याकडे वायू येत नाही, पाणी मात्र जातं. म्हणजे ते अशा जागेतून जातंय जिथं जळणाचा दाब पोचतच नाही. सिलिंडरच्या आधी. इनटेकमध्ये, म्हणजे हवा-पेट्रोल आत जायच्या वाटेत.

या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डमधून कूलंटची वाट जाते. कार्ब्युरेटरखालचं पेट्रोल गरम राहून नीट वाफ व्हावी म्हणून कंपनीनं ती दिलीय. मॅनिफोल्ड आणि हेडच्या मध्ये जे कागदी गॅस्केट असतं, त्याच्या एका बाजूला हवेची वाट, दुसऱ्या बाजूला पाण्याची, मध्ये बोटभर जागा. ती जागा खाल्ली गेली की गाडी बंद केल्यावर गरम पाण्याचा दाब हळूहळू पाणी चार नंबरच्या पोर्टमध्ये (हवा आत जायच्या भोकात) ढकलत राहतो. रात्रभर साठतं. सकाळी पहिल्या सेल्फला ते आत ओढलं जातं, म्हणून थरथर, म्हणून वाफ. दोन मिनिटांत सुकतं आणि गाडी सुधारते. बाहेर थेंब पडणार कुठून?

खात्री करून घ्या. इंजिन तापवून आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवा आणि त्याच फुलझाडाच्या फवाऱ्यानं मॅनिफोल्डच्या जोडावर, खालच्या बाजूनं, थोडं थोडं पाणी मारा. पुष्कळजण कार्ब क्लीनर मारतात, मी मारू देत नाही, शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो आणि आग लागायला एक क्षण पुरतो. जोडातून हवा ओढत असेल तर पाण्यानं फट क्षणभर बुजते आणि आयडलचा आवाज बदलतो. कान लावून ऐका.

---

जुळे_सोलापूरकर | 9 मे, रात्री 8.15

काका, बदलला! चार नंबरच्या बाजूला पाणी मारलं की आयडल जरा खाली बसून गुळगुळीत होतं, पाच-सहा सेकंदांनी परत खडबडीत. दहा वेळा करून बघितलं. अप्पा स्टूल टाकून शेजारी बसले होते, डोळे मिटून ऐकत होते. "आता... आता परत," असं तेच सांगत होते.

---

मोटारताई | 9 मे, रात्री 8.30

वाचून खूप बरं वाटलं. मॅनिफोल्ड उतरवताना प्रत्येक व्हॅक्यूमच्या नळीला कागदाची चिठ्ठी लावा आणि आधी फोटो काढा. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत त्या नळ्या उलटसुलट बसल्या तर नवीनच मिसिंग सुरू होईल.

आणि काढलेलं कूलंट उघड्या बादलीत ठेवू नका, अंगणात सांडूही देऊ नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. आमच्या गल्लीत एक मांजर असं गेलं.

---

जुळे_सोलापूरकर | 14 मे, रात्री 9.00

काल मॅनिफोल्ड उतरवला. फिटरकाकांनी मुलाला पाठवलं होतं, स्वतःही संध्याकाळी येऊन गेले. त्यांचे आभार कसे मानू कळत नाही, चहाशिवाय काही घेतलं नाही.

जुनं गॅस्केट पाण्याच्या भोकापाशी काळं पडून चिखलासारखं झालं होतं. त्याच्या मागे मॅनिफोल्डच्या तोंडावर, पाण्याच्या वाटेकडून हवेच्या वाटेकडे जाणारा एक खड्डा, लांबीला ज्वारीचे तीन दाणे ओळीनं ठेवावेत एवढा. कडा पांढऱ्या आणि भुसभुशीत, नखानं पापुद्रा निघत होता. चार नंबरच्या पोर्टमध्ये मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा घातला, तर जोडापासून व्हॉल्व्हपर्यंत हिरवा ओघळ सरळ उतरलेला.

हेडच्या बाजूचं तोंड सुदैवानं चांगलं होतं. काकांनी पट्टी आडवी ठेवून फीलर गेज घालून बघितलं, 0.05 मिमीचं पान कुठेच शिरलं नाही. मॅनिफोल्डचा खड्डा ॲल्युमिनियम वेल्डिंगनं भरून लेथवाल्याकडे फेसिंग करून, म्हणजे तोंड सपाट करून आणला. जुनं गॅस्केट खरवडताना मी ग्राइंडर लावणार होतो, काकांनी हातातून काढून घेतला. ॲल्युमिनियमचं तोंड ग्राइंडरनं एकदा खोलगट झालं की ते कुठल्याच गॅस्केटनं बसत नाही. प्लास्टिकच्या पट्टीनं आणि थिनरनं दोन तास घासलं.

उघडल्यावर आणखी एक गोष्ट कळली. आत थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) नाही. कधीतरी कुणीतरी काढून टाकलाय.

---

उजनी_काठ | 14 मे, रात्री 9.25

आपल्याकडे उन्हाळा 42-43 ला जातो म्हणून थर्मोस्टॅट काढतात. तोटा असा की इंजिन तापायला फार वेळ घेतं, हिवाळ्यात तर तापतच नाही. चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी सोय) जास्त वेळ राहतो, पेट्रोल जास्त जातं, प्लग काळे होतात, सिलिंडरची झीज वाढते. त्यांचे इतर तीन प्लग कडांना काळसर होते ते यामुळेही असेल. थर्मोस्टॅट उघडला की पाण्याला वाट पूर्ण मोकळी असते, उन्हाळ्यात तो आडवा येत नाही. आडवा येतो तो तुंबलेला रेडिएटर आणि न चालणारा फॅन.

---

अशोकचौक_फिटर | 14 मे, रात्री 9.50

बरोबर. नवीन बसवायच्या आधी घरीच तपासून घ्या. पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्यानं बांधून तळाला न टेकता लोंबता ठेवा, थर्मामीटर घाला, गॅस बारीक. 82 च्या आसपास उघडायला लागला पाहिजे, पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडला पाहिजे. नवा पीससुद्धा कधी अडकलेला निघतो.

झाकण पण नवीन घ्या. स्प्रिंग मऊ पडली की दाब धरत नाही. 0.9 चा दाब असला तर साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं, दाब नसला तर शंभरलाच. सात रस्त्याला तुमचा काटा वर जायचा त्यात झाकणाचा वाटा असू शकतो.

भरताना निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. पुढची चाकं जरा उंचावर घ्या, हीटर गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहा. हवा अडकली तर काटा खोटं दाखवतो.

---

घाटवाट | 15 मे, सकाळी 7.40

हळदीबद्दल काकांचं पटलं. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आम्ही पण मुक्कामाला पोचलो की रेडिएटर काढून धुवायचो." ते मला कधी सांगितलंच नव्हतं.

---

जुळे_सोलापूरकर | 25 मे, रात्री 10.10

दहा दिवस मुद्दाम थांबून लिहितोय.

सकाळी सुरू केली की आरसा हलत नाही. वाफ नाही. थर्मोस्टॅट पातेल्यात तपासून बसवला, आईनं ते पातेलं आता गाडीच्या सामानात देऊन टाकलंय. वायरी, रोटर, गॅस्केट, वेल्डिंग, फेसिंग, थर्मोस्टॅट, झाकण, दोन होज आणि कूलंट, सगळं मिळून सहा हजारांच्या आत. बाटलीवर पहिल्या दिवशी मार्करनं रेघ मारली होती. पाणी पहिल्या दोन दिवसांत बोटभर उतरलं, अडकलेली हवा निघाली असावी. तेवढं भरलं, त्यानंतर रेघेवरच आहे.

आज पहाटे पाचला अप्पा आणि मी तुळजापूरला निघालो. तामलवाडीपर्यंत मी चालवली, पुढे त्यांनी घेतली. घाटात दुसऱ्या गिअरला ते काट्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. काटा अर्ध्याच्या जरा खाली, तिथून हलला नाही. वर पोचल्यावर त्यांनी गाडी लगेच बंद केली नाही, मिनिटभर आयडलवर ठेवली आणि खिडकीची काच खाली करून ऐकत बसले.

काका, एकच विचारायचं राहिलं. मॅनिफोल्डचे नट परत एकदा आवळायचे असतात का?

---

अशोकचौक_फिटर | 26 मे, सकाळी 6.20

हो, हजारेक किलोमीटर झाले की, इंजिन पूर्ण थंड असताना. मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला जायचं, टॉर्क रेंचनंच. रविवारी घेऊन या, माझ्याकडे आहे. अप्पांनाही आणा.